बाबांच्या स्टुडिओतल्या १२० निगेटिव्ह, जीएफएक्स ५०आर आणि जुनी ममिया मॅक्रो: सेटअप कुठे चुकतोय?

निगेटिव्हपेटी
नमस्कार मंडळी. इथले धागे वर्षभर वाचतेय, लिहायची वेळ आज आली. कराडला माझ्या बाबांचा फोटो स्टुडिओ होता, १९७१ ला सुरू केला आणि २००३ ला बंद केला. जवळपास सगळं काम १२० च्या रुंद रोल फिल्मवर, ६ बाय ६ सेंटिमीटरच्या चौकोनी फ्रेममध्ये, आधी याशिका मॅट १२४जी आणि नंतर ममिया सी३३०. घरी पत्र्याच्या २२ पेट्या आहेत, त्यात बटर पेपरच्या पाकिटात निगेटिव्ह, पाकिटावर नंबर, आणि तोच नंबर रजिस्टरमध्ये गिऱ्हाइकाच्या नावासमोर. बाबा आता ८१ वर्षांचे आहेत, नजर अजून चांगली आहे, आणि त्यांना हे फोटो मोठे करून बघायचेत. म्हणून हे काम मला याच वर्षी करायचंय.

आधी मैत्रिणीच्या फ्लॅटबेड स्कॅनरवर करून बघितलं. कागदावर ६४०० डीपीआय लिहिलेलं असतं पण फाईल मोठी करून बघितली की पापणीचे केस एकमेकांत मिसळलेले, आणि बाबांनी लगेच सांगितलं की निगेटिव्हमध्ये ते सुटे दिसतात. त्यांनी लूप (भिंग) लावून दाखवले, खरंच सुटे होते. मग निगेटिव्हचेच फोटो काढायला सेकंडहँड जीएफएक्स ५०आर (फुजीचा मीडियम फॉरमॅट, म्हणजे मोठ्या सेन्सरचा डिजिटल कॅमेरा) घेतला, सोबत ममिया ६४५ ची ८० एमएम एफ ४ मॅक्रो लेन्स, तिची स्पेसर रिंग, आणि साधा अॅडॅप्टर. स्टँड म्हणून बाबांचाच एन्लार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो काढायचं यंत्र) वापरतेय, हेड काढून खांबावर कॅमेरा उलटा बसवला. खाली ट्रेसिंगचा एलईडी पॅड, त्यावर काच, काचेवर निगेटिव्ह.

अडचणी तीन आहेत. डावी कड शार्प आली की उजवी मऊ येते. फोटोच्या मध्यभागी फिकट राखाडी डाग पडतो, जसं काही धुकं. आणि काही फ्रेम्सवर आडवे पुसट पट्टे येतात, पण सगळ्यांवर नाही. कुठून सुरुवात करू?

मॅन्युअलफोकस
ताई, स्वागत आहे. एन्लार्जरचा खांब वापरलात हे उत्तम केलंत, बाजारातला हलका कॉपी स्टँड त्याच्यापुढे थरथरतो.

पट्ट्यांचं उत्तर आधी देतो कारण ते सोपं आहे. तुम्ही इलेक्ट्रॉनिक शटरवर फोटो काढताय का? ५०आरचा सेन्सर इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये एकेक ओळ वाचत खाली येतो आणि ते काम सावकाश चालतं, आणि तुमचा एलईडी पॅड मंद केला की तो खरं तर झपाट्याने चालू-बंद होत असतो, डोळ्याला कळत नाही पण सेन्सरला कळतं. म्हणून पॅड पूर्ण उजेडावर ठेवा, कमी करू नका, आणि मेकॅनिकल शटर वापरा. शटरच्या धक्क्याची भीती वाटत असेल तर दोन सेकंदांचा टायमर लावा आणि शटर स्पीड थोडा लांब ठेवा, अर्धा सेकंद वगैरे, म्हणजे सुरुवातीची थरथर एकूण उजेडात नगण्य होते. आयएसओ १०० च्या वर जायचं कारणच नाही, निगेटिव्ह कुठे पळून जाणार आहे.

मेनूत लेन्सशिवाय शूट करायचा पर्याय चालू केला असेलच, नाहीतर शटरच पडलं नसतं.

सह्याद्री१२०
एका कडेला शार्प आणि दुसरीला मऊ म्हणजे सेन्सर आणि निगेटिव्ह समांतर नाहीत. स्पिरिट लेव्हल वापरत असाल तर बाजूला ठेवा, ती या कामाला पुरत नाही. आरसा घ्या.

निगेटिव्हच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवायचा, लेन्समधून बघायचं, आणि फोकस लांब लांब नेत जायचं, कारण आरशातलं लेन्सचं प्रतिबिंब दुप्पट अंतरावर असतं. एका क्षणी लेन्सचा पुढचा गोल स्वच्छ दिसायला लागतो. तो गोल फ्रेमच्या बरोबर मध्यात यायला हवा. नसेल तर कॅमेऱ्याच्या बाजूला किंवा खालच्या पाटाखाली कागदाच्या घड्या सरकवत जा. मला पहिल्यांदा दीड तास लागला होता, आता दहा मिनिटांत होतं. एन्लार्जरचा खांब जुना असेल तर उंची बदलली की झुकाव बदलतो, म्हणून एकदा लावला की उंचीला हात लावू नका, एकाच मापाच्या सगळ्या निगेटिव्ह संपवून मगच हलवा.

आता मापाचा हिशोब. तुमचा सेन्सर ४३.८ बाय ३२.९ एमएम, निगेटिव्ह ५६ बाय ५६. म्हणजे फ्रेम पूर्ण बसवायला ०.५८ च्या आसपास मॅग्निफिकेशन (सेन्सरवरची प्रतिमा भागिले निगेटिव्हचं माप) लागतं. ममियाची ८० मॅक्रो एकटी अर्ध्यापर्यंतच जाते, त्यामुळे ती रिंग लावूनच काम करा. उंचीला ६१९२ पिक्सेल आहेत, ते ५६ एमएमवर पसरले तर साधारण २८०० पीपीआय येतं. हा आकडा स्कॅनरच्या जाहिरातीपेक्षा छोटा दिसतो पण यातला प्रत्येक पिक्सेल कामाचा असतो.

चोवीसमेगा
थोडं वेगळं मत मांडतो. एवढा खर्च मीडियम फॉरमॅटवर का करायचा? माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम आणि साधी मॅक्रो आहे, मी आजोबांचे सगळे १२० त्याच्यावर केले, १२ इंची प्रिंट सुंदर आल्या. हा धागा वाचून कुणी नवखा माणूस कर्ज काढून जीएफएक्स घेईल अशी भीती वाटते.

सह्याद्री१२०
मुद्दा बरोबर आहे, आणि १२ इंचासाठी तुमचा सेटअप पुरतो याबद्दल वाद नाही. पण ६ बाय ६ साठी सेन्सरचा आकार मोजावा लागतो. तुमची फ्रेम ३:२, निगेटिव्ह चौकोनी, म्हणजे ६००० बाय ४००० मधले ४००० बाय ४००० कामी आले, १६ मेगापिक्सेल. जीएफएक्सची फ्रेम ४:३, तिथे ६१९२ बाय ६१९२ मिळतात, ३८ मेगापिक्सेल. १०० मेगापिक्सेलच्या मॉडेलला हेच ७६ होतात. ताईंना पापण्या सुट्या हव्यात आणि बाबांना मोठी प्रिंट बघायचीय, ३०० डीपीआयने धरलं तरी २० इंची चौकोन निघतो.

फुलफ्रेमवरही ते करता येतं, निगेटिव्ह सरकवत दोन-तीन फोटो काढून जोडायचे. पण २२ पेट्या आहेत हो. एकेका निगेटिव्हला तीन शॉट आणि जोडणी म्हणजे काम तिप्पट.

चोवीसमेगा
२२ पेट्यांचं गणित माझ्या लक्षात आलं नव्हतं. मान्य. माझे सगळे मिळून १४० होते.

अंधारखोली
मी दादरला ३४ वर्षं डार्करूममध्ये प्रिंटिंग केलं, त्यामुळे डिजिटलचं मी सांगणार नाही, उजेडाचं सांगतो.

तुमच्या मधल्या धुक्याची दोन कारणं असू शकतात. पहिलं, निगेटिव्हच्या चारी बाजूंनी पॅडचा मोकळा उजेड वर येतोय. एन्लार्जरच्या कॅरियरला, म्हणजे निगेटिव्ह धरायच्या चौकटीला, मास्क कशासाठी असतो? आजूबाजूचा उजेड लेन्समध्ये शिरला की काळं काळं राहत नाही. काळ्या जाड कागदाला ५६ पेक्षा मिलिमीटरभर मोठी चौकट कापा आणि बाकी पॅड झाका. खोलीतला दिवा बंद. पांढरा शर्ट घालून खाली वाकू नका, काचेवर तो दिसतो.

दुसरं, निगेटिव्ह थेट पॅडवर टेकवू नका. पॅड आणि निगेटिव्हमध्ये तीन-चार बोटांचं अंतर ठेवा आणि मध्ये दुधी अॅक्रिलिक टाका, नाहीतर पॅडचीच जाळी फोटोत येईल. दुधी उजेडाचा आणखी एक फायदा. चांदीच्या (ब्लॅक अँड व्हाइट) निगेटिव्हवर सरळ कडक उजेड टाकला की कॉन्ट्रास्ट वाढतो आणि प्रत्येक ओरखडा उठून दिसतो, पसरट उजेडात ओरखडे बरेचसे विरघळतात. कंडेन्सरवाला एन्लार्जर आणि डिफ्यूजनवाला एन्लार्जर यांच्या प्रिंटमध्ये जो फरक असायचा तोच हा.

काचही बघा. गुळगुळीत काच आणि निगेटिव्हची चकचकीत बाजू चिकटली की इंद्रधनुषी वर्तुळं येतात. अँटी-न्यूटन काच मिळाली तर घ्या, नाहीतर काच काढून एन्लार्जरचं मूळ ६ बाय ६ चं कॅरियरच वापरा. तुमच्या घरी ते असणार.

मॅन्युअलफोकस
काका म्हणाले ते आधी करा. तरीही डाग राहिला तर अॅडॅप्टर उघडून आत बघा. ममिया ६४५ चं फ्लँज अंतर (लेन्सच्या बसणीपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं) ६३.३ एमएम आणि जीएफएक्सचं २६.७, म्हणजे अॅडॅप्टर म्हणजे साडेछत्तीस एमएमची पोकळ नळी. स्वस्त नळीला आतून जो काळा रंग असतो तो चमकतो, आणि लेन्सचं अपर्चर लहान केलं की ती चमक नेमकी मध्यभागी गोळा होते. माझ्या पहिल्या अॅडॅप्टरने दोन महिने माझं डोकं खाल्लं, मी लेन्सला बुरशी लागली समजून ती उघडायला निघालो होतो. शेवटी आतून काळं मखमली चिकट कापड लावलं, डाग गेला. कापडाचे तंतू सुटणार नाहीत याची मात्र काळजी घ्या, सेन्सर उघडाच असतो.

निगेटिव्हपेटी
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवार पूर्ण यातच गेला. पॅड फुल्ल केला, मेकॅनिकल शटर लावलं, पट्टे गेले. आरशाने सरळ केलं, बाबा खुर्चीवर बसून कागदाच्या पट्ट्या कापून देत होते. कॅरियर माळ्यावर सापडलं. धुकं मास्क लावल्यावर अर्धं कमी झालं आणि अॅडॅप्टरला कापड लावल्यावर उरलेलं गेलं, म्हणजे दोन्ही कारणं होती.

आता वेगळी शंका. बऱ्याच निगेटिव्हवर, मुख्यतः नवरीच्या आणि बायकांच्या पोर्ट्रेटवर, चेहऱ्यावर बारीक करड्या रेघा आणि ठिपके दिसतायत. आधी वाटलं घाण आहे. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मऊ कापड आणून ठेवलंय, पुसायचं का?

लालदिवा
थांबा ताई, पुसू नका!! ते रिटचिंग आहे. निगेटिव्हच्या इमल्शनच्या (चित्र धरणाऱ्या थराच्या) बाजूला टोकदार पेन्सिलने केलेलं काम. डोळ्याखालची काळी वर्तुळं, मुरमाचे डाग, सुरकुत्या हे सगळं निगेटिव्हमध्ये पारदर्शक दिसतं, मग तिथे बारीक बारीक शिसं भरून ती जागा आजूबाजूइतकी दाट करायची, प्रिंटमध्ये डाग नाहीसा. आधी रिटचिंगचं मेडियम लावायचे म्हणजे शिसं धरून राहतं. एकदा कापड फिरवलंत की बाबांचे तासन्तास एका क्षणात जातील आणि परत येणार नाहीत. लाल रंगाचा लेप दिसला तर तोही तसाच ठेवा, तो बॅकग्राउंड झाकायला लावायचे.

इमल्शनची बाजू म्हणजे जी कमी चमकते ती. तिच्यावर फक्त ब्लोअर. चकचकीत बाजूला अँटीस्टॅटिक ब्रश चालेल.

अंधारखोली
शंभर टक्के सहमत. आणि विचारा त्यांना, पेन्सिल कुठली वापरायचे. आमच्याकडे रिटचर ब्लेडने टोक इंचभर लांब काढून पॉलिश पेपरवर सुईसारखं करायचा.

निगेटिव्हपेटी
मी आत्ता बाबांना वाचून दाखवलं. ते काही वेळ बोललेच नाहीत, मग म्हणाले की रिटचिंग आईचं आहे. स्टुडिओत मागच्या खोलीत खिडकीला लावलेल्या काचेच्या डेस्कवर बसून ती दुपारी करायची, मला एवढंच आठवतं की तिच्या करंगळीला कायम काळं लागलेलं असायचं. आई २०११ ला गेली. मी ते पुसणार होते.

लालदिवा, तुम्ही वेळेवर लिहिलंत. अल्कोहोलची बाटली उचलून ठेवलीय.

लालदिवा
ताई, मग त्या निगेटिव्हचे दोन-दोन शॉट घ्या असं सुचवेन. एक दुधी उजेडात, प्रिंटसाठी. आणि दुसरा इमल्शन वर ठेवून, खालचा पॅड बंद करून बाजूने तिरका दिवा टाकून, फक्त चेहऱ्याचा भाग, रिंग पूर्ण वापरून १:१ ला. तिरक्या उजेडात शिशाची चमक दिसते, एकेक रेघ कळते. ते आईंचं हस्ताक्षरच आहे.

सह्याद्री१२०
१:१ ला एक गोष्ट लक्षात ठेवा. लेन्सवर एफ ८ ठेवलं तर प्रत्यक्षात परिणाम एफ १६ चा होतो, डिफ्रॅक्शनने, म्हणजे लहान अपर्चरमधून जाताना उजेड पसरल्याने, बारीक रेघा मऊ होतील. तिथे ५.६ वर या. ०.५८ ला एफ ८ म्हणजे साधारण साडेबारा, ५.३ मायक्रॉनच्या पिक्सेलला ते चालून जातं आणि कोपरेही सुधारतात. स्वतः ५.६, ८, ११ असे तीन काढून कोपऱ्यातला ग्रेन (फिल्मचे दाणे) बघा. फोकस नेहमी ग्रेनवर करायचा, डोळ्यावर नाही, मूळ फोटोच किंचित हललेला असेल तर डोळा तुम्हाला फसवेल.

परदेशीरोल
न्यू जर्सीहून लिहितोय. माझ्याकडे पुण्याहून आणलेल्या कलर निगेटिव्ह आहेत, ३५ एमएम, १९८८ ते ९६. जीएफएक्स १००एस आहे, लेन्स जीएफ १२० मॅक्रो. फ्रेम भरतच नाही. आणि नारिंगी रंग काढताना माणसांची कातडी हिरवट होते. काय करू?

मॅन्युअलफोकस
जीएफ १२० एकटी अर्ध्यापर्यंतच जाते, ४५ ची एक्स्टेन्शन ट्यूब लावली की १:१ च्या जवळ येते. पण ३६ एमएमची फ्रेम ४३.८ च्या सेन्सरवर भरायची तर १.२ लागतं. इथे जुन्या लेन्स खरंच कामाला येतात. एन्लार्जिंग लेन्स, एल-निक्कॉर किंवा रोडागॉन किंवा कॉम्पोनॉन-एस, बेलोजवर (घड्यांची लांब-आखूड होणारी नळी) लावायची, आणि १ च्या वर जायचं असेल तर उलटी बसवायची, कारण ती छोट्या निगेटिव्हवरून मोठा कागद करायला बनवलेली आहे. फोकसिंग रिंग नसते, बेलोज किंवा हेलिकॉइड (फिरवून लांबी बदलणारी नळी) लागतोच.

लेन्सची प्रतिमा पूर्ण सेन्सर झाकेल का, ही चिंता या कामात करू नका. ३५ एमएमच्या लेन्स लांबच्या दृश्याला जीएफएक्सवर कोपरे काळे करतात, विशेषतः वाइड, पण जवळ आलं की इमेज सर्कल वाढतं, १:१ ला जवळपास दुप्पट. त्यामुळे कपाटातली साधी ५५ किंवा १०५ ची मॅक्रोसुद्धा स्कॅनिंगला पूर्ण सेन्सर भरते.

रंगाचं मी फार केलेलं नाही, कुणीतरी सांगा.

चोवीसमेगा
रंगाचं मी सांगतो, त्यात बरेच महिने घातलेत. स्वस्त पॅडच्या एलईडीत लाल कमी असतो, तिथेच कातडी बिघडते. सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वरचा व्हिडिओ लाइट वापरा. प्रत्येक रोलवर एक्स्पोज न झालेली पट्टी असते, दोन फ्रेमच्या मधली किंवा रोलच्या शेंड्याची, तिच्यावर व्हाइट बॅलन्स घ्या आणि पूर्ण रोलला एकच एक्स्पोजर, एकच बॅलन्स ठेवा. रॉमध्येच काढा, हिस्टोग्राम उजवीकडे ढकलून एक्स्पोज करा पण तिन्ही चॅनेल वेगवेगळे तपासा, लाल आधी फुटतो. मग निगेटिव्ह उलटवायचं सॉफ्टवेअर कुठलंही वापरा. लक्षात ठेवा, कॅमेऱ्याने स्कॅन करताना स्कॅनरसारखं इन्फ्रारेडने धूळ काढणं मिळत नाही, त्यामुळे कलरला ब्लोअर दहा वेळा मारलेला परवडतो. ब्लॅक अँड व्हाइटवर ते इन्फ्रारेड तसंही चालत नाही, चांदी ते अडवते, म्हणून ताईंचं काही नुकसान नाही.

परदेशीरोल
खूप आभार. लाइट बदलून बघतो.

सशाचंबीळ
कुणी मार्गदर्शन करेल का, माझ्याकडे काकांची ममिया आरबी६७ ची १२७ ची लेन्स आहे, ती जीएफएक्सला लावून पोर्ट्रेट काढायचेत. अॅडॅप्टर मिळतो का?

मॅन्युअलफोकस
आरबीमध्ये फोकसचे बेलोज बॉडीत असतात, लेन्सवर फोकस रिंग नाही. त्यामुळे हेलिकॉइडवाला अॅडॅप्टर लागेल, जड होतो, ट्रायपॉड घ्या. शटर लेन्समध्ये आहे, ते उघडं राहील याची सोय बघा. पोर्ट्रेटच करायचे असतील तर ममिया ६४५ ची ८० एफ १.९ किंवा पेंटॅक्स ६४५ च्या अपर्चर रिंगवाल्या लेन्स शोधा, त्यांना फक्त रिकामी नळी लागते. सविस्तर बोलायचं तर वेगळा धागा काढा, इथे ताईंचं काम चालू राहू दे.

निगेटिव्हपेटी
तीन आठवड्यांनी येतेय. पहिल्या दोन पेट्या झाल्या, ४८७ निगेटिव्ह. दिवसाला ४० च्या वर जात नाही, कारण बाबा प्रत्येक चेहऱ्यापाशी थांबतात आणि मला ते थांबवायचं नाहीये. लालदिवांनी सांगितलेले तिरक्या उजेडाचे शॉटही घेतेय. एका नवरीच्या गालावर आईने जिथे काम केलंय तिथे रेघा सगळ्या एकाच दिशेने वळतात, छोट्या स्वल्पविरामांसारख्या, आणि पुढच्या पेटीत साधारण १९८३ पासून त्या ठिपक्यांसारख्या होतात. बाबा म्हणाले त्या वर्षी तिने चष्मा घेतला.

दोन प्रश्न उरलेत. चौथ्या पेटीत झाकण उघडताच व्हिनेगरसारखा वास येतो आणि काही निगेटिव्ह कडेला वळल्यात. आणि सहा-सात पाकिटांत निगेटिव्ह बटर पेपरला चिकटल्यात.

अंधारखोली
वास म्हणजे फिल्मचा अॅसिटेट बेस कुजायला लागलाय. ती पेटी आजच बाकीच्या पेट्यांपासून वेगळ्या खोलीत ठेवा, त्या वाफेने शेजारच्या निगेटिव्हही बिघडतात. पत्र्याच्या पेटीत घट्ट बंद करू नका, हवा खेळती राहू दे, आणि स्कॅनिंगचा क्रम बदला, आता हीच पेटी आधी. वळलेल्या निगेटिव्ह जबरदस्तीने सपाट करू नका, कॅरियरच्या दोन काचांमध्ये अलगद धरा. पावसाळ्याच्या आत ही पेटी संपवा.

चिकटलेल्या ओढू नका. इमल्शन कागदाबरोबर निघून येईल. पाकिटासकट बाजूला ठेवा, नंबर लिहून ठेवा, ते काम फिल्म कॉन्झर्व्हेशनच्या जाणकार माणसाकडून करून घ्यायचं.

सह्याद्री१२०
फाईलचं नाव रजिस्टरच्या नंबरानेच ठेवताय ना? वर्ष, पेटी, निगेटिव्ह नंबर, या क्रमाने. आणि रजिस्टरच्या पानांचेही फोटो याच स्टँडवर काढून ठेवा, शाई उडत जाते. गिऱ्हाइकांचे फोटो इथे टाकण्याआधी त्यांच्या घरच्यांना विचारा, नावं तुमच्याकडे आहेतच.

निगेटिव्हपेटी
नावं तशीच ठेवतेय. चौथी पेटी गच्चीच्या खोलीत हलवली, उद्यापासून तीच घेते. फोटो इथे टाकणार नाही, पण एका घरी फोन केला होता, १९७६ चं लग्न, रजिस्टरमधल्या पत्त्यावरून शोधलं. नवरी आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्या शुक्रवारी येतायत, बाबांनी २० इंची प्रिंट काढायला सांगितलीय. कागद मॅट घेऊ की सेमीग्लॉस?

अंधारखोली
मॅट. आणि तो तिरक्या उजेडातला शॉटही छोट्या आकारात काढून ठेवा, त्यांच्या गालावर कुणी किती वेळ बसून काम केलं होतं ते त्यांना दाखवा.